वेशीबाहेरचा निंब

२०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे पडली, तेव्हा नागरिकांनी आवाज उठविला. २०२१ मध्ये १९७५ च्या वृक्षकायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाड 'वारसा वृक्ष' ठरले. झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावायची. (जगतात किती, हा वेगळा विषय!) पण हा कायदा नागरी क्षेत्रापुरता. आम्हां खेडुतांसाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह आहेत, निंब नाही. ज्या निंबाखाली मी पाढे पाठ केले, त्याबद्दल बाबांनी विचारले, "मंग आपला निंब कोनाच्या वहीत हाय रे?" घरातला पहिला कॉलेजकुमार मी, निरुत्तर झालो. माझे स्पष्ट मत आहे, वारसा वृक्षाचे कलम ग्रामपंचायतींनाही लागू करावे.