नळे आणि नळ

गोव्यात मे महिना अर्धा सरला की पूर्वी प्रत्येक वाड्यावर कुणी ना कुणी घराच्या छपरावर चढलेले दिसे. नळे परतायचे, फुटके बाजूला काढायचे, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे. मृग लागण्याआधी शाकारणी झालीच पाहिजे, हा दंडकच होता. त्यासाठी सरकारला कधी सप्ताह साजरा करावा लागला नाही की भिंतीवर घोषणा रंगवाव्या लागल्या नाहीत. घरात पैशांची कितीही ओढाताण असो, शाकारणीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असत. गळणारे घर ही नामुष्की मानली जाई.

आता घरांवर स्लॅब आले. नळे गेले, नळ आले. एका मात्रेचा तेवढा फरक! पण नळ्यांबरोबर शाकारणी गेली आणि नळांसाठी तशी कुठलीही रीत आपण लावून घेतली नाही. याचे कारण सरळ आहे. नळ्यातून गळणारे पाणी आपल्या अंथरुणावर पडते, नळातून गळणारे मोरीत जाते. जे आपल्याला भिजवत नाही, त्याला आपण गळती म्हणतच नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी सिल्वासात राहतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटलेले हे गाव गोमंतकीयांना इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे त्या लढ्यात होती, हेही आपण अभिमानाने सांगतो. आजचे सिल्वासा मात्र कारखान्यांचे, इमारतींचे आणि चाळींचे गाव आहे. पाऊस आपल्यासारखाच धो धो, आणि गावाला लागून दमणगंगा. पाण्याची आठवण करून द्यावी लागावी असा हा मुलूख नव्हे. गोची नेमकी इथेच आहे. जिथे पाऊस उदंड तिथे थेंबाला किंमत नसते. मराठवाड्यातला माणूस गळका नळ पाहून अस्वस्थ होतो. गोवा, कोकण, दमणगंगेचे खोरे इथला माणूस ती टपटप ऐकत निवांत झोपतो.

पण हे पाणी आपल्या नळापर्यंत कसे आले, याचा विचार केला तर झोप थोडी तरी चाळवावी. दमणगंगेवर वरच्या अंगाला मधुबन धरण आहे. गुजरात, दादरा-नगर हवेली आणि त्या वेळचा गोवा-दमण-दीव प्रदेश यांचा हा संयुक्त प्रकल्प. म्हणजे एका अर्थाने आपणही त्यातले भागीदार. त्या जलाशयाखाली इथल्या आदिवासींची घरे आणि शेते गेली. आज दुधनीला पर्यटक होडीत बसून त्याच पाण्यावर फिरतात. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडे कुर्डी आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गावकरी वाडे आणि वालकिणीला जाऊन राहिले. दर मे महिन्यात पाणी ओसरले की तीच माणसे आपल्या घरांची जोती पाहायला आणि सोमेश्वराच्या उत्सवाला परत जातात. दक्षिण गोव्यातल्या एखाद्या न्हाणीघरात रात्रभर टपटपणारे पाणी या गावावरून आलेले असते. वास्तुशास्त्राचे सदर लिहिणारे सांगतात, नळ गळला की घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मीचे मला माहीत नाही. गळून जाते ते कुणीतरी आपले घर देऊन दिलेले पाणी, एवढे मात्र नक्की.

टपटपण्याने असे किती जाणार, हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर पुस्तकात शोधू नये, घरात मोजावे. गळक्या नळाखाली मापाचे भांडे ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. दिवसात अशी १४४ दहा मिनिटे असतात. भांड्यात २०० मिलिलिटर पाणी जमले, तर दिवसाला जवळजवळ २९ लिटर झाले. वर्षाला साडेदहा हजार लिटर, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर! जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. असे दोन नळ गळत असले की एका माणसाचा पूर्ण वाटा गेला. आपल्या घरात एक न दिसणारा माणूस राहतो, रोज पाणी वापरतो आणि आपण त्याला ओळखतही नाही.

दिसणारा थेंब तरी बरा, न दिसणारी गळती फार वाईट. संडासातल्या फ्लशच्या टाकीचे झाकण काढून आत कपड्यांच्या निळीचे थोडे थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश ओढू नका. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आतले रबर गेले आहे असे समजावे. या वाटेने दिवसाला दोनशे लिटर सहज जाऊ शकतात, आवाजसुद्धा न होता. महिन्याचे झाले सहा हजार लिटर. २०२१ साली गोवा सरकारने महिन्याला सोळा हजार लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांना बिल माफ करण्याची योजना आणली होती. त्या मर्यादेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग एकटे खराब रबर गिळू शकते.

गच्चीवरच्या टाकीची परीक्षा याहून सोपी. रात्री सगळे नळ बंद झाल्यावर टाकीत येणारे पाणीही वॉल्व्हने बंद करावे आणि पाण्याच्या पातळीला खडूने खूण करावी. सकाळी कुणी नळ सोडण्याआधी पाहावे. हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साधारण दहा लिटर गेले. सगळे नळ बंद असून पाणी उतरले, म्हणजे ते भिंतीतल्या पाइपातून किंवा फ्लशमधून जात आहे. भिंतीवरची ओलही वाचता येते. फक्त पावसाळ्यात उमटणारी ओल बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची. वरच्या मजल्यावर आंघोळी झाल्या की वाढणारी ओल त्यांच्या न्हाणीच्या लादीची. आणि बारा महिने, ऐन मे महिन्यातही न सुकणारी ओल पाइपाची. एवढे ज्ञान असते तर वरच्या-खालच्या मजल्यावरची किती भांडणे टळली असती!

हे झाले पाणी वाया जाण्याचे. पण गळती फक्त बाहेर जात नाही, ती आतही येते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला सुटते. पाणी असते तोवर पाइपात दाब असतो आणि भोकातून पाणी बाहेर पडते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते आणि त्याच भोकातून भोवतालची घाण आत शिरते. सिल्वासातल्या चाळींमधून सहज चक्कर मारली तरी दारासमोरचे गटार आणि त्याला ओलांडून किंवा त्याच्यातूनच गेलेला पाण्याचा पाइप हे दृश्य दिसते. गोव्यातल्या शहरांच्या जुन्या वस्त्यांतही ते दुर्मिळ नाही. सकाळचे पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे आले, कुंपणाजवळची एखादी जागा भर उन्हाळ्यात हिरवीगार राहिली, तर ती चिन्हे ओळखावीत. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांची वाट तिथून जाते. म्हणजे जो गळका पाइप घरमालक उद्यावर ढकलतो, त्याची किंमत भाडेकरूचे मूल आजारी पडून मोजते. चाळीचा मालक म्हणतो, भाडेकरूने दुरुस्त करावे. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघांचे बोलणे आपापल्या जागी खरे, आणि पाइप गळतोच आहे.

सरकारी वसाहतीत तर मालकही अदृश्य असतो. मी स्वतः कारकून असल्याने ही गंमत आतून पाहतो. नळ गळतो, तक्रार वहीत नोंद होते. नोंदीवर टिपण, टिपणावर अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावर मंजुरी. वीस रुपयांच्या वायसरमागे त्याहून महाग कागद फिरतो आणि तोवर नळाखाली बादली ठेवलेली असते. ती बादली भरली की कुणीतरी मुकाट्याने ओतून देतो. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक कार्यालयात आणि वसाहतीत वायसर, टेफ्लॉन टेप आणि एक पाना ठेवलेला लहानसा डबा असावा आणि तो उघडायला कुणाची सही लागू नये. एवढ्याने प्रशासन कोसळणार नाही.

घरी तरी निराळे काय असते? नळाची टपटप ऐकते ती घरातली बाई आणि प्लंबरला बोलवायचे ठरवतो तो पुरुष, जो दिवसभर बाहेर असतो. शिवाय आपल्यासारख्या शिकलेल्यांना पाना हातात धरण्याचा संकोच! मी कला शाखेचा पदवीधर. आमच्या पिढीला अलंकार आणि वृत्ते शिकवली, नळ उघडून वायसर बदलायला कुणी शिकवले नाही. पाण्यावर आपण ओव्या रचल्या, नद्यांना आई म्हटले, प्रत्येक पूजेत कलश मांडला. पण हाताने दुरुस्ती करणे हे काम आपण मनातल्या मनात खालचे मानले आणि दुसऱ्याच्या नावावर टाकले. खरी गळती इथे आहे, असे मला वाटते. पाण्याविषयी भक्ती आपल्याकडे भरपूर आहे, काळजी घेण्याची सवय कमी आहे.

या संकोचाला एका लेखकानेच चांगले उत्तर दिले आहे. सिल्वासाहून आम्ही वापीला जाऊन गाडी पकडतो. त्याच पश्चिम रेल्वेवर मुंबईच्या अलीकडे मीरा रोड लागते. ‘धर्मयुग’मधला ‘ढब्बूजी’ ज्यांना आठवतो त्यांना त्याचे जनक आबिद सुरती माहीत असतील. त्यांचे बालपण मुंबईत डोंगरीला गेले. पाण्यासाठी पहाटे लागणाऱ्या रांगा त्यांनी तिथे पाहिल्या. उत्तर प्रदेशातल्या एका साहित्य संस्थेकडून मिळालेल्या लाख रुपयांच्या पुरस्कारातून २००७ साली त्यांनी एक काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक महिला कार्यकर्ती बरोबर घ्यायची, मीरा रोडच्या इमारतींत घरोघर जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. कार्यकर्ती अशासाठी की घरातल्या बायकांना दार उघडताना भीती वाटू नये. पहिल्याच वर्षात त्यांनी शेकडो नळांची गळती थांबवली. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. एवढ्या वायसरमध्ये त्यांचा साहित्यिक म्हणून मान कमी झाला असे ऐकिवात नाही!

यावर एक आक्षेप हमखास येतो. कारखाने अमाप पाणी ओढतात, सरकारच्या मुख्य वाहिन्या फुटतात, तिथे आमच्या नळाचे काय घेऊन बसलात? आक्षेप खोटा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी कित्येक दिवस कोरडी पडली, हे आपण भोगले आहे. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला हिशोब कळावा लागतो. ज्याला घरचा मीटर वाचता येतो, त्यालाच पाणी खात्याचा हिशोब तपासता येईल. कराडला लागून असलेल्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून, जास्त वापराला जास्त दर लावून चोवीस तास पाणी दिले. पाणी सतत मिळू लागले की लोक उधळतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. शिळे म्हणून पाणी ओतून देणे थांबले आणि गळका नळ बिलात दिसू लागला. दिसू लागलेली गळती माणूस दुरुस्त करतोच.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. शाकारणीला जशी पंचांगात जागा होती, तशी या कामालाही द्यावी. दिवस शोधायला लांब जायला नको. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी गोव्यात घरोघर न्हाणी धुतात, तांब्याचा भाण चिंच लावून घासतात, कारिटाच्या वेलीने सजवतात आणि पाणी भरून ठेवतात. पाण्याचाच सण तो! त्या दिवशी घरातला प्रत्येक नळ एकदा पाहावा. सैल नळ जोर लावून आवळत बसू नये, त्याने आतली बैठक झिजते. जुन्या नळाचा वायसर बदलावा, अर्ध्या फेऱ्याच्या नव्या नळाचा आतला स्पिंडल बदलावा. फ्लशमध्ये नीळ टाकावी, टाकीचा बॉलकॉक वर उचलून पाणी थांबते का ते पाहावे, रात्री टाकीत खडूची खूण करावी. मुलांना हाताशी घ्यावे. पाना मुलीच्या हातातही द्यावा. नरकासुराची मुंडी बनवायला वाड्यावरची पोरे आठवडाभर राबतात, त्यातला एक तास यासाठी मागितला तर ती नाही म्हणणार नाहीत.

भाण घासायला जेवढा वेळ लागतो, त्याहून हे काम जास्त वेळ घेणार नाही.