टापियाच्या रानांतील रेशीम

कद अथवा मुकटा नेसून पूजेस बसणाऱ्या गृहस्थांपैकीं किती जणांनीं त्या वस्त्राच्या जन्माचा विचार केला असेल? पाणिनीनें ‘कौशेय’ शब्द ‘कोश’ शब्दापासून सिद्ध केला. पण कोश विणणाऱ्या जीवाची वास्तपुस्त आम्ही सहसा घेत नाहीं. आज ज्या कोशाची हकीकत सांगावयाची, तो मादागास्कर बेटांतला आहे.

या बेटाच्या मध्यभागीं बहुतेक ८०० ते १५०० मीटर उंचीचें पठार आहे व त्यावर टापिया वृक्षांचीं विरळ वनें आहेत. टापियाची साल जाड. गवताच्या वणव्यांतून मोठें झाड बहुधा वांचतें, रोपें मात्र जळून जातात. त्याच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यास तेथें ‘लांदिबे’, म्हणजे मोठें रेशीम, म्हणतात. शास्त्रीय नांव बोरोसेरा. तुतीचा किडा माणसाच्या सूपांत वाढून उडणेंही विसरला. हा रानांतच जन्मतो व रानांतच मरतो. वर्षांत याच्या दोन पिढ्या होतात. सुरवंटाच्या अंगावरील खाजरे केस कोशांतही विणले जातात, म्हणून कोश हाताळतांना हात खाजतात. पतंग झाल्यावर तो कांहीं खात नाहीं. सुरवंटपणीं साठविलेल्या चरबीवर दिवस काढतो, अंडीं घालतो आणि संपतो.

कोशांतील किडे काढून लोक आवडीनें खातात. कोश उकळून बायका टकळीवर सूत काततात. त्याचा रंग बहुधा तपकिरी. त्याच्या वस्त्रास ‘लांबामेना’, म्हणजे तांबडें वस्त्र, म्हणतात. तें तांबडें असेलच असें नाहीं! आमच्याकडेही पीतांबर सदा पिवळाच कोठें असतो? मेरिना व बेत्सिलेओ लोक कांहीं वर्षांनीं पितरांच्या अस्थि थडग्यांतून बाहेर काढून नव्या लांबामेन्यांत गुंडाळतात, त्या वेळीं गाणेंबजावणें व जेवणावळी होतात. मृताच्या नुसत्या स्पर्शानें विटाळणाऱ्या आम्हांस हें चमत्कारिक वाटेल. पण पितरांस आपल्याकडून वस्त्र मिळावें ही भावना आम्हांस परकी नाहीं.

पण या वस्त्रासाठीं रान राहिलें पाहिजे. राणी रानावालोना दुसरी हिच्या ३०५ कलमांच्या कायद्यानें १८८१ सालींच जंगल जाळण्यास बंदी केली होती. तरी आगी थांबल्या नाहींत. त्यांत सारेच कोश वेंचून किडे कढईंत गेले, तर पुढच्या हंगामास अंडीं घालावयास पतंग कोठून यावा? टापियाच्या फळांचें मात्र बरें आहे. तीं आपोआप गळून पडतात, आणि खेड्यांतल्या बायकामुलें तीं वेंचून बाजारांत विकतात.