झीज रुळाची, दुखणे सांध्याचे

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला जे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते रेल्वेच्या इंजिनियरांना का सुचू नये, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. चाक लाकडाचे, परंतु रस्त्याशी घासणारी कड तेवढी लोखंडाची; ती झिजली की उतरवावी, नवी तापवून चढवावी आणि जुने चाक पुन्हा वाटेला लावावे. नांगराचेही तेच. फाळ बोथटला म्हणून कोणी नांगर मोडीत काढीत नाही. मग रेल्वेचा रूळ मात्र माथ्यावरचे थोडेसे पोलाद झिजताच अख्खाच्या अख्खा उपटून का टाकावा? माथा वेगळा आणि खालचा सांगाडा वेगळा अशी रचना करून झिजलेला माथा तेवढाच बदलण्याची सोय का करू नये?

हा प्रश्न भाबडा म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या ब्रॉडगेज मार्गांवर आज सर्रास वापरला जाणारा रूळ मीटरमागे ६० किलो वजनाचा असतो. त्याची उंची १७२ मिलिमीटर. वरून झीज किती चालवून घ्यावयाची याची मर्यादा सुमारे १३ मिलिमीटर. माथ्याची रुंदी ७२ मिलिमीटर धरून हिशेब केला, तर पूर्ण झिजलेल्या रुळातूनही जेमतेम आठवा हिस्सा पोलाद गेलेले असते. सात हिस्से शिल्लक असतात. एका किलोमीटरच्या दोन रुळांचे वजन १२० टन. त्यांपैकी शंभराहून अधिक टन पोलाद केवळ माथ्याच्या दोषापायी जागचे हलवावे लागते. काटकसर ज्याच्या अंगवळणी पडली आहे अशा आपल्या समाजाला हे खटकावे, यात नवल नाही.

तथापि जी युक्ती नवी म्हणून मांडली जाते, तिचा अनुभव रेल्वेने आपल्या बाल्यावस्थेतच घेतलेला आहे. अमेरिकेतील आरंभीच्या अनेक मार्गांवर लाकडी तुळया अंथरून त्यांच्या माथ्यावर लोखंडी पट्टी खिळ्यांनी ठोकीत असत. पट्टी झिजली की काढावी, नवी ठोकावी. तुळई तशीच राहावी. कागदावर हिशेब चोख होता. परंतु चाकांच्या भाराखाली खिळे सैल होत, पट्टीची टोके वर वळत आणि एखादे टोक चालत्या डब्याची जमीन फोडून आत घुसे. अशा उसळलेल्या टोकाला तेथील लोक सापाचे डोके म्हणत. पुढे त्याच देशात उभे दोन किंवा तीन तुकडे रिव्हेटांनी एकत्र बांधून केलेले जोडरूळही वापरून पाहण्यात आले. रिव्हेट ढिले झाले, फटींत पाणी शिरले, तुकडे एकमेकांवर घासू लागले आणि ते रूळ काढून टाकावे लागले.

इंग्लंडात जोसेफ लॉक या नामांकित इंजिनियराने १८३० च्या दशकात दुसरी वाट धरली. त्याच्या रुळाला वर माथा आणि खालीही माथा. वरचा झिजला की रूळ उलटा करावा आणि खालचा वापरात आणावा; एका रुळात दोन आयुष्ये! आपल्याकडील आरंभीच्या मार्गांवरही ही जात नांदून गेली. पण रूळ ज्या बिडाच्या बैठकीत बसे, तिच्या आघातांनी खालच्या माथ्याला आधीच खळगे पडत. उलटा केलेला रूळ गाडीला हादरे देई. शेवटी वरचा माथा जाड, खालचा बारीक, आणि उलटण्याचा विचारच नको, अशी सुधारणा करावी लागली.

मग रुळाचे आयुष्य वाढले ते कशाने? सुट्या भागांनी नव्हे, चांगल्या पोलादाने. १८५७ साली रॉबर्ट मशेट यांच्या पोलादाचा रूळ इंग्लंडातील डर्बी स्थानकात बसविण्यात आला. त्या वर्दळीच्या जागी लोखंडी रूळ काही महिन्यांतच बदलावे लागत. पोलादी रूळ १८७३ पर्यंत, म्हणजे सुमारे १६ वर्षे टिकला. ज्या झिजेवर कल्पक माणसे तुकडे जोडून इलाज शोधीत होती, त्या झिजेला भट्टीतून निघालेल्या एकसंध धातूने उत्तर दिले.

यावर कोणी म्हणेल की रेल्वेच्या चाकाला तर लोहाराचीच रीत लागू पडली होती. तेही खरे आहे. चाकावर वेगळी पोलादी धाव तापवून चढविण्याची पद्धत रेल्वेने दीर्घकाळ पाळली आणि तिने अमाप खर्च वाचविला. पण तिची किंमत दोन नोंदी सांगतात. २४ डिसेंबर १८७४ रोजी ऑक्सफर्डनजीक शिप्टन येथे एका डब्याच्या चाकाची धाव रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकाशी तुटली आणि ३४ माणसे प्राणास मुकली. हा जुना काळ म्हणून सोडून द्यावा, तर ३ जून १९९८ रोजी जर्मनीतील एशेडे येथे ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची गत तीच झाली. प्रवाशांना हादरे कमी बसावेत म्हणून त्या चाकाची बाहेरची धाव आणि आतली तबकडी यांच्यामध्ये रबराचा थर घातला होता. धाव थकून तुटली आणि १०१ माणसे गेली. त्यानंतर त्या गाड्यांना एकसंध चाके बसविण्यात आली. बैलगाडीच्या धावेवर चार-दोन खंडींचा भार असतो आणि ती सैल झाली तर गाडीवानाला तिचा आवाज ऐकू येतो. आगगाडीची धाव तुटते तेव्हा ऐकावयास वेळच उरत नाही.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. भारलेल्या वाघिणीचे एकेक चाक दहा-अकरा टन भार वाहते, आणि हा भार रुळाच्या माथ्यावर एखाद्या लहानशा नाण्याएवढ्या जागेतून उतरतो. त्याखाली पोलाद दाबले जाते, लवते, पुन्हा उसळते. दर गाडीमागे शेकडो वेळा. अशा जागी कोणताही सांधा स्वस्थ बसू शकत नाही. रेल्वेच्या गेल्या शतकभराच्या प्रगतीकडे पाहिले, तर तो सांधे नाहीसे करण्याचाच इतिहास आहे. पूर्वी दर काही मीटरांवर फिशप्लेटचा जोड असे आणि प्रवाशाला त्याची खडखड रात्रभर सोबत करी. रुळांची टोके पिचत, खडी खचत, अपघात होत ते बहुधा त्या जोडांपाशीच. आज भिलाईच्या कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ निघतात आणि मार्गावर ते वितळजोडाने एकजीव केले जातात. आडवे सांधे घालविण्यासाठी एवढा खटाटोप केल्यावर माथा आणि सांगाडा यांच्यामध्ये मुंबईपासून मंगळूरपर्यंत एक अखंड उभा सांधा निर्माण करावयाचा, हे नाकापेक्षा मोती जड करण्यासारखे होईल.

आणि तो सांधा राखावयाचा कोणी? आज एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर आणि त्यांवर ६६४० क्लिपा असतात. माथा धरून ठेवण्यासाठी अर्ध्या अर्ध्या मीटरवर एक बोल्ट धरला तरी दोन रुळांवर आणखी ४००० बोल्टांची भर पडते. पावसात, उन्हात, पहाटेच्या अंधारात खांद्यावर हातोडा घेऊन मार्ग चालणाऱ्या चावीवाल्याने त्यांतला सैल बोल्ट कोणत्या नजरेने हेरावा? कागदावर पोलादाची बचत होते. बोजा मात्र त्या माणसाच्या डोळ्यांवर पडतो, आणि त्याचा डोळा एकदा चुकला तर त्याची भरपाई डब्यातल्या माणसाने करावयाची असते.

आपल्या किनाऱ्याला तर हा विचार दुप्पट सावधपणे करावा लागेल. कोकण रेल्वे १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्णपणे खुली झाली. वर्षातले चार महिने धो-धो पाऊस आणि बारा महिने खारी हवा यांतून ती धावते. गोमंतकातून वर चढणारा कॅसलरॉकचा मार्ग तर १८८० च्या दशकातला, ३७ ला १ अशा खड्या चढणीचा आणि वळणावळणाचा. वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या कुशीला खरवडीत जाते. उतारावर ब्रेक लागून माथा घासतो. लोखंडाच्या दोन पृष्ठांमध्ये फट असली की तीत पाणी आणि मीठ साठून गंज आतल्या आत कसा खातो, हे खिडकीच्या गजापासून होडीच्या खिळ्यापर्यंत आपल्याकडे कोणालाही सांगावयास नको. वरून चकाकणारा माथा आणि आतून पोखरलेली बैठक, ही स्थिती उघड्या झिजेपेक्षा शतपटीने भयंकर होय. कारण झीज डोळ्यांना दिसते आणि पट्टीने मोजता येते.

मग ‘झिजले तेवढेच बदला’ हे तत्त्वच चुकीचे काय? मुळीच नाही. ते कोणत्या जागी लावावयाचे, एवढाच वाद आहे. सांधे बदलणाऱ्या पॉइंटांची निमुळती पाती, मँगनीज पोलादाची क्रॉसिंगे, रुळाखालचे रबराचे थर, क्लिपा ही सर्व बदलण्यासाठीच घडविलेली असतात आणि बदललीही जातात. क्रॉसिंगच्या झिजलेल्या नाकावर वेल्डिंगने नवे पोलाद चढविण्याचे काम तर आपल्या रेल्वेत नित्याचे आहे. पाट्याला टाकी लावावी त्याप्रमाणे यंत्राने रुळाचा माथा घासून वरचा थकलेला पापुद्रा काढता येतो. वळणावर वंगण देऊन झीज कमी करता येते. मुख्य मार्गावरून उतरलेला रूळ तपासून दुय्यम मार्गावर, तेथून यार्डात आणि अखेर कुंपणाच्या खांबात जातो. म्हणजे रूळ हाच लोहमार्गाचा सुटा भाग आहे. माथ्यावर नवा थर एकजीव करून चढविण्याचे जे प्रयोग परदेशांत होत आहेत, त्यांचे आम्ही स्वागतच करू. कारण त्यांत सांधा नाही. ते आपल्याकडे प्रथम यार्डांत आणि बंदराच्या मंदगती मार्गांवर करून पाहावेत. प्रवासी गाडीखाली प्रयोग नको.

परंतु बदलता येणे वेगळे आणि वेळेवर बदलणे वेगळे. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडातील हॅटफील्ड येथे चिरा पडलेला रूळ गाडीखाली फुटून चार माणसे मेली. रुळाला चिरा आहेत हे ठाऊक होते. त्याच्या जागी घालावयाचा नवा रूळ आणून ठेवलेला होता. तो घातला मात्र गेला नव्हता. आपल्याकडेही डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्चावेत असे सांगितले. तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष घोषित व्हावयास २०१७ साल उजाडले. झिजलेल्या रुळाने पाच वर्षे वाट पाहिली. गाड्या मात्र थांबल्या नव्हत्या.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. काटकसरीचा कैवार घेणाऱ्यांनी रुळाचे तुकडे करण्याऐवजी रुळाच्या बदलाचे वेळापत्रक मागावे. कोकणच्या आणि घाटाच्या मार्गावर कोणता रूळ किती झिजला आहे, तो कधी बदलावयाचा होता आणि प्रत्यक्षात कधी बदलला, हे दरवर्षी लोकांसमोर मांडले जावे. मार्ग चालणाऱ्या चावीवाल्यांची आणि गँगमनांची पदे रिकामी ठेवून वाचविलेला पैसा ही बचत नव्हे, हे हिशेबनीसांनी ध्यानी घ्यावे. धाव सैल झाली की गावचा लोहार गाडी वाटेला लागूच देत नसे. रेल्वेने त्याच्यापासून काही उचलावयाचेच असेल, तर त्याची ही शिस्त आधी उचलावी.