दुसरं पाकीट

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली, तेव्हा ज्वारीचं बियाणं दुकानातून आणायची वस्तू नव्हती. खळ्यावरची टपोरी कणसं निवडून दाणे राखेत घोळून ठेवायचे, कमी पडलं तर शेजाऱ्याकडून मागायचं. संकरित वाणाचा धंदा नेमका याच्या उलटा. त्याचा जोम पहिल्या पिढीपुरता. घरचे दाणे पेरले की पीक लहान-मोठं येतं. म्हणजे दरवर्षी नवी पिशवी.

तरी ही सवय मोडली. हायब्रीडचं कणीस बांधावरून दिसायचं, बाकी समजावणीची गरज फारशी उरली नाही. भाकरीला चव नाही म्हणून नावं ठेवणारेही ते पेरत राहिले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालन्याची ओळखच बियाण्याची झाली.

बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीच्या वेळी मात्र हिशेब चुकला. मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन वाणांना परवानगी मिळाली, ती एका अटीवर. कपाशीभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त भरेल ते लावायचं. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांच्या पतंगांचा संकर व्हावा आणि बीटीचा धाक टिकावा, असं त्यामागचं शास्त्र. शास्त्र बिनचूक होतं. म्हणून ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं दुसरं पाकीट येऊ लागलं.

ते कितींनी पेरलं? फारच थोड्यांनी. चार एकरांच्या धन्याने आपल्या रानाचा तुकडा अळीला वाढून ठेवायचा, फायदा साऱ्या शिवाराला, तोही काही वर्षांनी. आणि शेजाऱ्याने पाकीट फेकलं तर आपली मेहनत वाया. याला शेतकऱ्याचं अज्ञान म्हणणं हा कचेरीत बसलेल्यांचा आळस आहे. त्याने हिशेब केला होता, अट घालणाऱ्यांनी केला नव्हता.

२०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. दोष एकट्या पाकिटाचा नाही. लांब मुदतीचे वाण आणि पाणी देऊन हंगामानंतरही राखलेली कपाशी, म्हणजे फरदड, यांनी अळीला वर्षभर घर दिलं. पुढे बिगर-बीटी बी त्याच पिशवीत मिसळून ४७५ ग्रॅमचं पाकीट आलं. पेरणाऱ्याला वेगळं काही करायचंच उरलं नाही. हे सुचायला इतकी वर्षं का लागावीत?

फरदडीच्या बाबतीत पुन्हा तेच चाललं आहे. डिसेंबरअखेर कपाशी काढा, असं दरवर्षी सांगितलं जातं. पण झाडाला बोंडं लोंबत असताना आणि पऱ्हाटी उपटायला मजूर महाग असताना शेतकरी आणखी एक वेचणी धरणारच. कृषी विभागाने आणि बियाणं कंपन्यांनी यंदा पत्रकं कमी छापावीत. पऱ्हाटीचा कुट्टा करणारं यंत्र डिसेंबरात जालन्याच्या भोकरदन, बदनापूर, अंबडच्या गावांत पोहोचवावं, आणि पहिल्या वर्षी त्याचं भाडं घेऊ नये.