नाव जोडता येते, तोडता येत नाही



बोनाफाईड, ओळखपत्रे, नोटिसा, प्रमाणपत्रे आता बहुतेक ठिकाणी तयार नमुन्यातून निघतात. एक्सेलमधली यादी नमुन्याला जोडली की शेकडो कागद काही मिनिटांत छापून होतात. या सोयीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधीच्या एका पायरीबद्दल. यादीत पूर्ण नाव एकाच रकान्यात असले आणि नमुन्याला आडनाव वेगळे हवे असले, की ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरून शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर नाव कापले जाते. पहिला शब्द स्वतःचे नाव, दुसरा वडिलांचे किंवा पतीचे, तिसरा आडनाव, असा हिशेब. आपल्या जिल्ह्यातली नावे या हिशेबात बसत नाहीत.

राजकारणातले सर्वांच्या परिचयाचे नाव घेऊ. ‘राधाकृष्ण एकनाथराव विखे पाटील’ यातला शेवटचा शब्द आडनाव धरला, तर विखे पाटलांचे नुसते पाटील होतात आणि वर्णानुक्रमे यादीत ‘व’मधून ‘प’मध्ये जाऊन पडतात. चार शब्द निदान तपासणाऱ्याच्या नजरेत तरी येतात. त्यांच्या मुलाचे नाव ‘सुजय विखे पाटील’ एवढेच लिहिले असेल, तर शब्द बरोबर तीन. कुणाला काही खटकत नाही आणि ‘विखे’ हे वडिलांचे नाव होऊन बसते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. त्यावरून केलेली यादी अशी कापली, तर अख्ख्या वर्गाची आडनावे पहिल्या नावाच्या रकान्यात जातात. ‘शेख’ कोणी आधी लावतो, कोणी शेवटी. ‘बाळासाहेब’ एका कागदावर एक शब्द असतो, दुसऱ्यावर दोन.

त्यात मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने आईच्या नावाचा निर्णय घेतला. ठरलेल्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. पण आता एकाच घरात त्या तारखेआधी जन्मलेल्या थोरलीच्या नावातला दुसरा शब्द वडिलांचा आणि नंतर जन्मलेल्या धाकट्याच्या नावातला दुसरा शब्द आईचा. शब्दाच्या जागेवरून नाते ओळखणारा नमुना इथे चुकणारच.

यावर कोणी म्हणेल, की जुन्या नोंदी पूर्ण नावानेच आहेत, हजारो नावे हाताने कोण फोडणार? यंत्राने फोड सुचवावी, हरकत नाही. पण ती कागदावर उतरण्याआधी ज्याचे नाव आहे त्याला दाखवावी. फक्त चार शब्दांची नावे तपासून भागणार नाही, कारण तीन शब्दांतली चूक जास्त लपून राहते. दुसरा आक्षेप असा, की पॅनच्या अर्जाला तीन भाग लागतात, पासपोर्टला दोन, मग फोड टाळणार कशी? टाळू नयेच. मात्र भाग त्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावेत आणि पूर्ण नाव ती लिहिते तसे स्वतंत्र रकान्यात ठेवावे. सुट्या भागांतून हवा तो क्रम जुळवणे यंत्राला सहज जमते. अखंड नावातून भाग ओळखायला मात्र घरची माहिती लागते, आणि ती मोकळ्या जागेत लिहिलेली नसते. तिसरा आक्षेप वेळेचा. अर्जात रकाने वाढले तर भरणाऱ्याचे अर्धे मिनिट जास्त जाते. उलट चुकीचे आडनाव एकदा दाखल्यावर चढले, की प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि आधार, पॅन, बँक यांची जुळवाजुळव हे सगळे त्या कुटुंबाच्या माथी येते. नाव कापणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

तेव्हा शाळांनी, सोसायट्यांनी आणि सेवा केंद्रांनी नमुना बदलण्याआधी अर्ज बदलावा. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि त्याखाली ‘पूर्ण नाव, जसे छापावे तसे’ एवढे पाच रकाने त्या अर्जावर छापावेत.

– एक वाचक, राहाता, जि. अहिल्यानगर