रोजा आहे का, हे कुणी विचारलं?

आमच्या शेजारच्या खाला दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून शुगरच्या गोळ्या आणतात. दवाखाना कसा आहे, असं विचारलं की म्हणतात, ‘चांगला आहे बेटा, पैसे लागत नाहीत.’ 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. भडगावसारख्या ठिकाणी, जिथं दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, तिथं हे लहान नाही.

पण समाधान नेमकं कशाचं? रुग्णांचा अभिप्राय घेण्यासाठी केंद्राने 2016 मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. त्यात स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक, खर्च असे मुद्दे येतात. मधुमेहात मात्र गोळी कधी घ्यायची, काय खायचं, घाम फुटून चक्कर आली तर काय करायचं, हे समजावणं हाच निम्मा उपचार. गर्दीच्या ओपीडीत त्याला वेळ नसतो आणि रुग्णही तो मागत नाही.

रमजानमध्ये हे जास्त जाणवतं. 2001 मध्ये 13 देशांत झालेल्या ‘एपिडायर’ पाहणीत टाइप-2 मधुमेहाच्या सुमारे 79 टक्के रुग्णांनी निदान पंधरा दिवस रोजे धरल्याचं आढळलं. शुगर धोकादायक उतरण्याचे प्रकारही या महिन्यात कितीतरी वाढलेले दिसले. कुरआनात आजाऱ्याला सवलत आहे, तरी लोक रोजे धरतात. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत मात्र नाहीत. खाला गेल्या वर्षी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मनानेच सहेरीला घेत होत्या. ती घेऊन दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं. डॉक्टर सहसा ती इफ्तारला घ्यायला सांगतात, नाहीतर मात्रा बदलतात. जेवणानंतर दोन तासांनी तपासायच्या शुगरचं तर विचारूच नका. इफ्तारनंतर दोन तास म्हणजे रात्र, आणि ओपीडीला कुलूप.

नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्या मावशींचंही वेगळं नाही. (त्यातली साबुदाण्याची खिचडी शुगर किती चढवते, हा आणखी एक विषय.) केसपेपरवर ‘उपास किंवा रोजा धरता का?’ एवढी एक ओळ छापली, तर दोघींची सोय होईल.

यंदा शाबानमध्येच मी खालांबरोबर गेलो. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, शुगर 70 च्या खाली गेली की रोजा लगेच सोडा, असं बजावलं. चार-पाच मिनिटं लागली. मागे रांगेत तीसेक माणसं उभी होती.