एसटीचे तिकीट आणि मोडीचे वाचन

ऐतिहासिक कादंबरीसाठी संशोधन करायला मोठे अनुदान लागते, हा समज नव्या लेखकांनी आधी डोक्यातून काढून टाकावा. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. गो. नी. दांडेकरांनी शिवकाळावर कादंबऱ्या लिहिल्या त्या आयुष्यभर गडकोट पायाखाली घालून.

आजही राजगडासाठी पुण्याहून एसटीने निघावे, गुंजवण्यातून चोरदरवाजाने चढावे. शेवटचा टप्पा कातळाचा. पाठीवर नुसती पाण्याची बाटली आणि भाकरी असली तरी तिथे दोन्ही हात रेलिंगला लागतात. मग धान्याची पोती वाहणाऱ्यांची वाट कोणती असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. संजीवनी माचीच्या दुहेरी तटामधल्या अरुंद बोळात उतरले की हल्ल्याचा प्रसंग कसा लिहायचा हे कळते. नकाशावरून ते कळत नाही.

पण नुसती भटकंतीही पुरत नाही. आज दिसणारे रेलिंग शिवकाळात नव्हते, हे सांगायला कागदच लागतो. त्यासाठी पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दफ्तर आहे. तिथला बराचसा ऐवज मोडीत आहे आणि ती लिपी वाचणारे फार थोडे. कादंबरीच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी बक्षिसाच्या रकमेतला काही भाग तालुक्याच्या वाचनालयांतील मोडी वर्गांवर खर्च करावा.